हिरव्या रसाचा आकडा

त्या बुधवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जाळी गुंडाळून भिंतीला टेकवली होती आणि जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा धरून माणसं मांडी घालून बसली होती. कुणाच्या मांडीवर औषधांची पिशवी, कुणाच्या हातात जुन्या रिपोर्टांची चळत. समोर मंच, मंचावर हिरवा गालिचा, गालिच्यावर हिरवी खुर्ची आणि खुर्चीत हिरव्या रेशमी झग्यातले हिरवे महाराज. मागे भला मोठा पडदा होता. एरवी तळहातावर मावणारं साखर तपासायचं यंत्र त्या पडद्यावर दाराएवढं दिसत होतं.

"चारशे बारा," ब्लेझरवाल्या निवेदकाने माईकमध्ये आकडा वाचला आणि हॉलभर चुकचुकाट झाला.

आकडा एका निवृत्त शिंप्याचा होता. एका हातात पान धरून, दुसऱ्या हाताच्या चिमटीत द्राक्ष फोडून त्याने नुकताच 'पानाला गोडवा अर्पण' केला होता. मग त्याच बोटाला सुई टोचली गेली. आता तो बिचारा स्वतःच्या बोटाकडे असा बघत होता, जणू सगळा घोटाळा त्या बोटानेच केला. निवेदकाने हात धुवायला पाण्याचं घंगाळ पुढे केलं, टॉवेल दिला. महाराजांनी हिरव्या रसाचा छोटा पेला दिला. शिंप्याने तो डोळे मिटून घशाखाली ढकलला. पुढची दहा मिनिटं सगळा हॉल डोळे मिटून बसला. मग पुन्हा सुई, पुन्हा थेंब.

"एकशे सदुसष्ट."

हॉल उसळला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना तर रडूच कोसळलं. शिंप्याने खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं आणि मंचावरच्या काचेच्या बरणीत टाकलं. बरणी निम्मी भरलेली होती.

"कंपनी पानाला पिळते," महाराज मधाळ आवाजात म्हणाले. "मी पानाला विनवतो. पिळलेलं पान विष देतं, विनवलेलं पान जीव देतं. पान म्हणजे काय? पान म्हणजे धरतीने स्वतःच्या हाताने लिहिलेली औषधाची चिठ्ठी. आणि त्या चिठ्ठीवर डॉक्टरची सही लागत नाही."

पान विनवण्याची विद्या महाराजांनी कुठे मिळवली हे कुणी विचारलं नाही. आवाज आणि हातवारे बघता त्यांनी आधीची दहा वर्षं दारोदार पाण्याचे फिल्टर विकले असावेत, असं तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईचं मत झालं होतं.

या बाईला सगळे स्वेटर म्हणत. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहायचं. गावाबाहेरच्या औषधाच्या कारखान्यात, चार अंशांच्या थंड खोलीत तिची नोकरी. त्यामुळे बाहेर अंगाची लाही होत असली तरी अंगात राखाडी स्वेटर आणि बाहीत रुमाल. शेजारी तिची ताई बसली होती, आणि ताईला चिकटून ताईची अकरा वर्षांची मुलगी. ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून घरात तिला वकील म्हणत. सहाव्या वर्षापासून वकीलला रोज चार वेळा इन्सुलिन लागायचं. तिच्या शरीरात ते तयारच होत नव्हतं. एक दिवस सुई चुकली तर हॉस्पिटल गाठावं लागे. ही गोष्ट घरातल्या भिंतींनाही पाठ होती.

महाराजांनी पान उजेडात धरलं. "हे एक पान बघा," ते म्हणाले. जरा थांबले. "या पानात इन्सुलिन तयार होतं."

स्वेटरने पानावरची नजर महाराजांच्या चेहऱ्याकडे वळवली. वाक्य तिचं होतं. शब्द न् शब्द तिचा, मधलं थांबणंसुद्धा तिचंच.

तीन महिन्यांपूर्वी कारखाना लोकांना बघायला खुला केला होता. साहेबांनी तिला बजावलं होतं, "जड काही सांगू नका. एकच वाक्य सांगा, पण लोकांच्या डोक्यात बसेल असं." तिने आरशासमोर चार वेळा घोकून ते वाक्य बसवलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. कारखान्याच्या काचघरात तंबाखूच्या भावकीतली झाडं वाढत होती. माणसाच्या शरीरात इन्सुलिन कसं बनवायचं हे सांगणारा जनुक त्या झाडांच्या पेशींत घातलेला होता. झाड वाढे, पानं फुटत आणि पानांत ते प्रथिन, म्हणजे इन्सुलिन, अगदी थोडं तयार होई. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ताईनेही वाजवल्या होत्या. तेव्हा मागच्या रांगेत कोण कोण उभं होतं, हे बघायचं कुणाला सुचणार?

"ताई, चल, निघू या," स्वेटर कुजबुजली.

"गप गं. आपला नंबर आलाय."

खरंच आला होता. वकील मंचावर गेली. तिच्या एका हातात पान आलं, दुसऱ्या हातात द्राक्ष. द्राक्ष फुटलं, पान गोड झालं, बोटाला सुई टोचली.

"चारशे छत्तीस," निवेदक म्हणाला. आता तो आवाज खाली आणून बोलत होता. "एवढ्याशा लेकराला."

वकीलने निवेदकाकडे वर पाहिलं. "हात न धुता टोचलंत तुम्ही," ती म्हणाली. माईक लांब होता, त्यामुळे ते पहिल्या दोन-तीन रांगांच्या पुढे गेलं नाही. निवेदकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, हात धुवायला लावले, रस दिला. दहा मिनिटांनी पडद्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी आले.

ताई उठून उभी राहिली आणि तिला हुंदका फुटला. स्वेटरने पाच वर्षांत ताईला असं रडताना पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलमध्येसुद्धा नाही.

महाराजांनी मार्ग सांगितला: शनिवार दुपारपर्यंत इन्सुलिन निम्मं, शनिवार संध्याकाळपासून बंद, आणि रविवारी सकाळी पेनं बरणीत आणून वाहायची. "सुई आणि पान एका शरीरात नांदत नाहीत," ते म्हणाले.

हॉल रिकामा होताना स्वेटर मुद्दाम रेंगाळली. निवेदक बरणीतली पेनं काढून टेबलाखालच्या बर्फाच्या पेटीत ठेवत होता. पेटीत बर्फावर लाकडी फळी होती आणि तो फळीवर एकेक पेन आडवं लावत होता. तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात ताईने हाक मारली आणि ते तिथेच राहिलं.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं.

"ताई, अगं, पानातून इन्सुलिन काढायला आम्हाला अकरा दिवस लागतात. पानं कापा, थंडीत वाटा, गाळा, त्यातला हिरवा साका खाली बसवा, उरलेलं नळ्यांतून सोडा. तेव्हा कुठे एवढाल्या ढिगातून चिमूटभर पूड हाती लागते. तीही पानात असते तेव्हा कुलूपबंद असते, एक शेपूट छाटल्याशिवाय काम करत नाही. आणि एवढं करून प्यायलीस तरी पोट ते अंड्यासारखं पचवून टाकतं. म्हणून तर टोचावं लागतं."

"मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली. "त्या दिवशी एवढंच म्हणालीस की पानात इन्सुलिन आहे. टाळ्या घेतल्यास. आता दुसऱ्या कुणी ते लोकांना फुकट दिलं तर पोटात दुखतंय."

"फुकट देतोय म्हणून नाही दुखत."

"तू चार अंशांत बसून नळ्या बघतेस, छोटी. मी रोज चार वेळा माझ्या पोरीला सुई टोचते. पाच वर्षं झाली. तिच्या मांड्या बघितल्यास का कधी?"

वकील दाराशी उभी होती.

"मावशी, सकाळी घरी माझी साखर एकशे सत्तर होती," ती म्हणाली. "तासाभरात चारशे छत्तीस कशी होईल? आणि तेवढी होते तेव्हा मला सारखी तहान लागते. आज नव्हती लागली."

"गर्दीने वाढली असेल," ताई म्हणाली.

"आणि त्यांनी हात न धुता..."

"वकीलसाहेब, आत जा."

खरं तर इथेच सगळं उलगडलं होतं. साक्षीदार आपणहून साक्ष देत होता, पण ऐकणारं कुणी नव्हतं. ताईला ऐकायचं नव्हतं. आणि स्वेटरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण तिच्या डोक्यात पान घुसलं होतं. जन्म गेला पानं वाटण्यात, तर चोर पानातच सापडणार अशी तिची खात्री. माणूस आपल्या कामाची जागा सोडून दुसरीकडे शोधतच नाही.

मंचावरच्या एका पेल्याच्या तळाशी उरलेला रस तिने बाटलीत आणला होता. गुरुवारी तो तपासला. कारखान्यात प्रथिन आहे की नाही हे बघायच्या पट्ट्या असतात. असलं की लाल रेघ उमटते. रेघ उमटली नाही. शुक्रवारी दुसऱ्या पट्टीने पाहिलं, तेव्हाही नाही. भिंगाखाली पाहिलं तर तो साधा बाजारातला पालक निघाला, थोडं लिंबू पिळलेला. कारखान्याचं पान चिकट असतं, त्याला उग्र वास असतो, आणि ते कुणी प्यायलं असतं तर हॉलभर ओकाऱ्या झाल्या असत्या. स्वेटर विजयी मुद्रेने कागद घेऊन ताईकडे गेली.

ताईने कागद बघितलाही नाही. "पालक असो नाहीतर गवत. आकडा मी डोळ्यांनी पाहिलाय."

"तेवढं वचन दे. इन्सुलिन बंद करू नकोस."

"नाही करत. जा आता."

ती गेली खरी, पण जिवाला चैन पडेना. शनिवारी तिने दोन नळ्यांवर चुकीची चिठ्ठी चिकटवली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. जेवताना घास हातात धरून बसून राहिली. पानाचं खोटं तिने पकडलं होतं. पण मग आकडा उतरला कसा? पालक पिऊन दहा मिनिटांत अडीचशेचा उतार? रसात काही नव्हतं तर उतरवलं कशाने, हे कोडं तिला सुटेना.

रविवारीही कारखाना चालू असतो. कापलेली पानं सोमवारपर्यंत थांबत नाहीत. सकाळी साडेनऊला चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून द्राक्षं खाल्ली. परत आत जाताना थंड खोलीच्या दाराशी बसणाऱ्या मुकादम काकूंनी तिचा हात धरला.

"स्वेटर, हात धू."

"धुतले की."

"पाण्याखाली फिरवलेस. धुतले नाहीस. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी गोड बोटांनी अख्खी खेप फुकट गेली, विसरलीस? तपासणीत साखर निघाली आणि आपण दोन दिवस पानाला शिव्या देत बसलो."

स्वेटर नळाशी उभी राहिली. पाणी वाहत होतं. तिने बोटं एकमेकांवर घासून बघितली. चिकटली.

ती धावत प्रथमोपचाराच्या पेटीपाशी गेली. पेटीत साखर तपासायचं यंत्र होतं. साबणाने हात धुऊन, पुसून तिने बोट टोचलं: शहाण्णव. मग चहाच्या टेबलावरचं एक द्राक्ष चिमटीत फोडलं, बोट हवेत वाळवलं आणि त्याच बोटाला शेजारी टोचलं: तीनशे एकाहत्तर. तिला साखरेचा आजार नव्हता. दोन सुयांच्या मध्ये पोटात काही गेलं नव्हतं, बाहेर काही आलं नव्हतं. फक्त बोट गोड होतं.

आणि मग उरलेलंही लख्ख दिसलं. पहिला आकडा द्राक्षाचा. दुसरा आकडा धुतलेल्या हाताचा, म्हणजे खरा. तो बरा यायचा, कारण हॉलमधलं प्रत्येक माणूस सकाळी घरून आपलं औषध घेऊन निघालं होतं. रस नुसता मध्ये उभा राहून मान मिळवत होता. वकील बुधवारी हेच सांगत होती, दोनदा सांगत होती.

तिने ताईला फोन लावला. वाजत राहिला. दहा वाजायला वीस मिनिटं होती, हॉलमधला कार्यक्रम सुरू झालेला असणार. स्वेटर यंत्र आणि द्राक्षांचा उरलेला घोस पिशवीत कोंबून स्कूटरवर बसली. डोक्यावर कारखान्याची जाळीची टोपी तशीच होती आणि ती काढायला हवी हे तिला शेवटपर्यंत सुचलं नाही. वाटेत सिग्नलला थांबली की पाय जमिनीवर आपटत राही.

ती हॉलमध्ये शिरली तेव्हा सगळे माना वर करून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर आकडा नव्हता. आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं होती. मोजता येणार नाही इतकी साखर झाली की यंत्र ती दाखवतं. मंचावर वकील खुर्चीच्या पायाला टेकून खाली बसली होती. ओठ सुकले होते, श्वास भराभर चालला होता. हात धुऊन झाले होते, रस पिऊन झाला होता, दहा मिनिटंही झाली होती. आणि दुसऱ्यांदाही तीच दोन अक्षरं.

"यंत्र बिघडलंय," निवेदक म्हणत होता.

"पान रुसलंय," महाराज म्हणत होते. "कुणाच्या तरी मनात शंका आहे."

स्वेटर गर्दीतून वाट काढत मंचावर चढली. "ताई, इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "काल दुपारनंतर दिलं नाही."

"पेन कुठाय?"

ताईने बरणीकडे बोट दाखवलं. बरणी रिकामी होती. "सुरुवातीलाच वाहिलं," ती म्हणाली. "सगळ्यांनी वाहिली."

"वाहिलेली वस्तू परत मागू नये," महाराज म्हणाले. "ते विष होतं. ते गेलं."

स्वेटरने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने वाकून टेबलाखालची पेटी बाहेर ओढली आणि झाकण उघडलं. बर्फ, बर्फावर फळी, फळीवर पेनं. एका कंपनीची एकीकडे, दुसरीची दुसरीकडे, रबर लावून बांधलेली. बुधवारी डोक्यात काय टोचलं होतं ते तिला आता कळलं. हे तिचंच काम होतं. रोज ती हेच करायची.

"विष ना हे?" ती म्हणाली. माईक जवळच असावा, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मग बर्फात कशाला जपता? आणि मध्ये फळी कशाला? इन्सुलिन गोठलं की वाया जातं म्हणून ना? फळी घालायची अक्कल ज्याला आहे, त्याला हे काय आहे तेही पक्कं माहीत आहे. आणि हे पुढे कुणाला विकायचं, तेही."

निवेदकाने माईककडे हात नेला. ताई मध्ये उभी राहिली.

"माझं पेन द्या," ताई म्हणाली.

"बाई, श्रद्धा..."

"माझं पेन द्या." तिने वाट बघितली नाही. गुडघ्यावर बसून पेटीतून स्वतःच वकीलचं पेन शोधलं. त्यावर वकीलने चिकटवलेलं चांदणीचं स्टिकर होतं. स्वेटरने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावून ताईच्या कानाला धरला. डॉक्टरांनी किती द्यायचं ते सांगितलं, पाणी पाजा म्हणाले, गाडी पाठवतो म्हणाले. ताईने पाच वर्षांच्या सवयीने पेन फिरवलं, वकीलची मांडी पुसली आणि सुई टोचली.

"मी बुधवारीच म्हणाले होते," वकील हळूच म्हणाली. "हात न धुता टोचलं."

"हो गं माझे आई," स्वेटर म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू म्हणाली होतीस. मीच ऐकलं नाही."

गाडी यायला दहा मिनिटं लागणार होती. स्वेटर माईकपाशी गेली. टोपी, स्वेटर, हातात द्राक्षांचा घोस. एरवी लोक हसले असते.

"हे तुम्हाला दहा मिनिटं डोळे मिटायला सांगतात," ती म्हणाली. "मला दहा मिनिटं डोळे उघडे हवेत. शिंपीकाका, तुम्ही वर या. पेन वाहिल्याला चार दिवस झाले. आता तुमची साखर बघू, पण साबणाने हात धुऊन."

शिंपीकाका आले. धुतलेल्या बोटाचा आकडा पडद्यावर आला: तीनशे ऐंशी. त्यांनी खांदे पाडले. "बरं वाटत नाहीच तीन दिवस," ते म्हणाले. "म्हटलं, पान काम करतंय."

"आता मी. मला साखरेचा आजार नाही." तिने हात धुऊन बोट टोचलं. नव्व्याण्णव. मग द्राक्ष फोडलं, बोट वाळवलं, पुन्हा टोचलं. चारशे तीन. "दोन मिनिटांत मी मरायला टेकले बघा. आता महाराजांच्या पेल्याची गरज नाही, घंगाळ पुरे." तिने हात धुतले आणि शेवटची सुई टोचली. सत्त्याण्णव.

पडदा एवढा मोठा होता की कुणालाही मान लांब करावी लागली नाही. मग मागून एका बाईने विचारलं, "म्हणजे दुसरा आकडा खरा?"

"दुसरा खरा. आणि तो तुम्ही सकाळी घेतलेल्या औषधाने आणलेला. माझ्या भाचीने ते घेतलं नव्हतं, म्हणून आज तिचा आकडा उतरला नाही. यंत्र कधी खोटं बोललं नाही. त्याला द्राक्ष दिलं तर ते द्राक्ष मोजतं." तिने द्राक्षांचा घोस खाली ठेवला. पुढचं बोलायला जड जात होतं. "आणि पानात इन्सुलिन तयार होतं, हे वाक्य माझं आहे. मी सांगितलं आणि अर्ध्यावर थांबले. यांनी उरलेलं अर्धं आपल्या मनाने लिहिलं."

महाराज 'अपमान' आणि 'शाप' असे दोन शब्द बोलून मागच्या दाराकडे निघाले. हॉलच्या रखवालदाराने ते दार आधीच लावून घेतलं होतं. पुढे तक्रार झाली, पोलीस आले. निवेदक म्हणाला की आपण फक्त आकडे वाचत होतो. पण त्याआधी, गाडी दाराशी लागली तेव्हा, पेटीसमोर रांग लागली होती. ज्या रेषांवर माणसं पेनं वाहायला बसली होती, त्याच रेषांवर आता ती आपापली पेनं परत घ्यायला उभी होती. शिंपीकाका पहिले होते.

वकील दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहिली. पहिल्या संध्याकाळी ताई पलंगाशेजारी बसून वकीलच्या मांडीवरचे सुयांचे डाग बघत होती.

"मला खरं वाटायला हवं होतं गं," ती म्हणाली. "पटलं नव्हतं. हवं होतं."

स्वेटरने तिचा हात धरून ठेवला. याहून खरं काही त्या हॉलमध्ये कुणी बोललं नव्हतं. कुणी भोंदू होतो तो काही फार हुशार असतो म्हणून नव्हे. समोरचं माणूस दमलेलं असतं आणि त्याला आकडा उतरलेला बघायचा असतो, एवढंच त्याला ठाऊक असतं.

कारखान्याच्या पुढच्या खुल्या दिवशी साहेब पुन्हा म्हणाले, एकच वाक्य सांगा. स्वेटरने ऐकलं नाही. तिने पाऊण तास घेतला. लोकांना काचघरातून थंड खोलीपर्यंत चालवलं, वाटलेला हिरवा गाळ दाखवला, नळ्या दाखवल्या, अकराव्या दिवसाची चिमूटभर पूड दाखवली, आणि ती प्यायली तर का उपयोग नाही हेही सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. दोन जण जांभया देत बाहेर गेले. त्यातला एखादा उद्या कुठल्या दुसऱ्या हॉलमध्ये दुसरं पान धरून उभा राहील की काय, ही धास्ती तिच्या मनातून अजून गेलेली नाही.

दाराशी वकील टेबल टाकून बसली होती. साखर तपासून घ्यायला लोकांची रांग होती. प्रत्येकाला ती आधी नळाकडे पाठवत होती आणि कुरकुर करणाऱ्याशी वाद घालत होती.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कुठे एखादा आकडा झर्रकन उतरलेला दिसला आणि तुमचे हात आपोआप जोडले जायला लागले, तर क्षणभर थांबा. आधीचा आकडा कुणी घेतला, कसा घेतला, मध्ये काय काय झालं, ते विचारा. कुणी लहान मूल काही सांगत असेल तर ऐका. आणि हात जोडण्याआधी एकदा स्वच्छ धुऊन बघा.